विसर्ग नियंत्रण : एका निवृत्त अभियंत्याचे परिपत्रक

विषय : प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर स्वतःच्या धरणाची देखभाल करणे व इतर लाभधारकांशी समन्वय राखणे.

पाटबंधारे खात्यात ३३ वर्षं मी सरकारी धरणांची गळती मोजली. निवृत्तीनंतर माझी बदली माझ्याच ओटीपोटात झाली. चार्ज घेताना कुणी एक कागद हातात दिला नाही, म्हणून मागून येणाऱ्यांसाठी हे परिपत्रक.

आधी नकाशा. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवी अडवणारे दरवाजे दोन. वरचा मूत्राशयाच्या मानेशी, खालचा ग्रंथीच्या पायथ्याशी. कर्करोगासाठी अख्खी ग्रंथी काढली की वरच्याचा भरवसा राहत नाही आणि जन्मभर दुय्यम पदावर काढलेल्या खालच्याकडे एकट्याने कारभार येतो. प्रभारी अधिकारी सुरुवातीला कसा काम करतो, हे सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

भेटायला येणाऱ्यांत एक जण हमखास म्हणेल, "आमच्या मामांचंही झालं होतं की, दुर्बिणीतून! चौथ्या दिवशी मंडईत." मामांची ग्रंथी नुसती वाढलेली होती, आतून खरवडून वाट मोकळी केली. त्याला आमच्या भाषेत गाळ काढणं म्हणतात. तुमच्याकडे कालव्याचा तुकडाच काढून वरचं टोक खालच्याला शिवलेलं आहे. हे पाहुण्यांना समजावत बसू नये. चहा द्यावा आणि दुधीचा रस प्यायचं आश्वासन द्यावं.

शिवण भरेपर्यंत, साधारण आठवडा ते दोन आठवडे, नळी राहते. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवायची. पाणी चढाला जात नाही, हे डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं तेव्हा माझ्या डिप्लोम्याचा घोर अपमान झाला. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चालायचं असतं. पँट कपाटात ठेवून लुंगी नेसावी आणि युरिन बॅग साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घालून सोसायटीत फेऱ्या माराव्यात. शेजाऱ्यांनी "काय आणलंत?" विचारल्यास "उसाचा रस" म्हणू नये. ग्लास घेऊन येतात.

पिशवीत काहीच येईनासं झालं, ताप चढला, पोटरी सुजून दुखू लागली, तर सर्जनना फोन लावावा. मेव्हण्याला नव्हे. नळी स्वतः ओढू नये. आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला फुगा असतो.

नळी निघते त्या दिवशी गडद रंगाची पँट आणि पॅडचं पाकीट बरोबर न्यावं. मी दोन्ही नेलं नव्हतं. परत येताना रिक्षात वर्तमानपत्र अंथरून बसलो, तेही मराठी, पूर्ण पुरवणीसकट.

आता मुख्य मुद्दा, गळती. खुर्चीतून उठताना, खोकताना, हसताना दरवाजा किलकिला होतो. बहुतेकांचं काही महिन्यांत आटोक्यात येतं, काहींना वर्ष लागतं. तोवर मोजमाप हवं. धरणाच्या गॅलरीतला पाझर आम्ही व्ही-नॉचवर मोजायचो. इथे ओल्या पॅडच्या वजनातून कोरड्याचं वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. स्वयंपाकघरातला काटा या कामी वापरू नये. मी एकदाच वापरला. संध्याकाळी नवीन काटा आला आणि जुन्यावर लाल ऑइलपेंटने "पाटबंधारे" असं लिहिलेलं आढळलं.

दुरुस्तीचा पहिला उपाय असा. वारा सरताना चारचौघांत आपण जो स्नायू आवळून धरतो, तो आवळायचा, मोजून सोडायचा, दहा वेळा. असं दिवसातून तीनदा. नळी असताना मात्र नाही. शिंक येतेय असं वाटताच आधी आवळावं, मग शिंकावं. हे व्यायाम अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली मांडले ते बाळंतपणानंतर बायकांची लघवी गळते म्हणून. ही माहिती मी जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितली. सौ. आमटी वाढता वाढता म्हणाली, "धाकटीच्या वेळेपासून मला शिंकताना होतं. अहो, तुम्ही कधी विचारलंत?"

धाकटी आता ३४ वर्षांची आहे. त्या ३४ वर्षांत माझ्या दुरुस्ती-नोंदवहीत आमच्या घरच्या गळतीची एकही नोंद नाही. पुरुषांनी या आजारावर कट्टे भरवावेत, जरूर भरवावेत, पण आधी घरात विचारावं. तज्ज्ञ मोफत उपलब्ध असतो. उठताना एक पाय किंचित मागे घ्यायची युक्ती मला तिनेच दिली. हल्ली सकाळचे दहा आम्ही दोघं मिळून मोजतो. मोजते ती, कारण मी सातनंतर एकदम दहावर जातो.

कट्ट्याविषयी. आमच्या बागेत आम्ही चौघं : मी, एक बँकवाले, एक शाळामास्तर आणि पीएमटीचे निवृत्त ड्रायव्हर. ज्येष्ठता वयावर नाही, ऑपरेशनच्या तारखेवर. "नमस्कार"ऐवजी "किती?" विचारायचं. उत्तर पॅडच्या संख्येत द्यायचं आणि खरं द्यायचं. बँकवाले महिनाभर "एकच" सांगत होते. तो एक सकाळपासून बदललेला नाही हे वाऱ्याची दिशा पालटल्यावर कळलं. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला लावू नये. वय, गाठ कुठवर गेली होती, बाजूच्या नसा वाचवता आल्या का, यावर प्रत्येकाचं गणित वेगळं असतं.

नसांवरून आठवलं. "बाकीचं कसं?" हा प्रश्न कट्ट्यावर यायला अकरा आठवडे लागले आणि तो मास्तरांनी झाडाकडे बघत विचारला. उत्तर असं की ताठरतेच्या त्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. त्या जाणीवपूर्वक वाचवण्याची रीत १९८२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी सुरू केली. वाचवल्या तरी त्या जाग्या व्हायला वर्ष, दोन वर्षंही लागू शकतात. गोळ्या असतात, पंप असतो, इंजेक्शनं असतात. डॉक्टरांना विचारावं लागतं, ते आपणहून सांगतीलच असं नाही. वीर्य बाहेर येणं मात्र कायमचं बंद. एवढं सगळं झाडाला सांगून झाल्यावर चौघांनीही बराच वेळ हवामानावर चर्चा केली. पण दुसऱ्या दिवसापासून झाडाची गरज पडली नाही.

पीएसएच्या, म्हणजे प्रोस्टेट बनवतं त्या रक्तातल्या प्रथिनाच्या, रिपोर्टाच्या दिवशी विनोद करू नये. ग्रंथी गेल्यावर हा आकडा शून्याला टेकायला हवा. सहा-आठ आठवड्यांनी पहिली तपासणी, मग वर्षानुवर्षं ठरलेल्या अंतराने. ड्रायव्हरसाहेबांचा दोन वर्षांनी हळूहळू चढला, ०.२ च्या वर, म्हणजे आजार परतल्याची खूण. रेडिएशन ठरलं, आठवड्याचे पाच दिवस, साडेसहा आठवडे. त्यात अट अशी की मशीनखाली जाताना मूत्राशय भरलेलं हवं. म्हणजे ज्याचा दरवाजा गळतो त्यानेच धरण भरून रांगेत बसायचं. आम्ही पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याने बाटली न्यायची, पाणी कधी प्यायचं ते घड्याळावर सांगायचं आणि हसवायचं नाही. ही शेवटची अट मास्तरांना जमली नाही. एक दिवस धरण पुन्हा भरावं लागलं.

ड्रायव्हरसाहेबांचा पुढचा रिपोर्ट येत्या गुरुवारी आहे.

नवीन लाभधारकाने लुंगी नेसून, पिशवीसह यावं, कुणी विचारणार नाही. कट्ट्याच्या डाव्या टोकाची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली असते. तिथून शौचालय २२ पावलांवर आहे, मी मोजलंय. ते सातला उघडतं. आम्ही साडेसातला जमतो.