अट्टहास त्यांचा, अट्टाहास आपला

महादेवाचं हसणं पांढरंशुभ्र असतं. निदान कालिदासाचं तसं मत होतं. ‘मेघदूता’त त्याला कैलासाची शिखरं म्हणजे त्र्यंबकाचा दिवसेंदिवस साचत गेलेला अट्टहास वाटली. हास्याचा रंग पांढरा, हा संस्कृत कवींचा संकेतच. आपल्या पुढाऱ्यांनी तो कपड्यांपुरता पाळला आहे.

अट्टहास म्हणजे समोरच्याला किडामुंगी ठरवणारं गडगडाटी हसू. शंकराचं, राक्षसाचं, नाटकातल्या खलनायकाचं. मराठीत आल्यावर मात्र या शब्दाने हसणं सोडलं. तुकोबांच्या अभंगात तो जिवापाड केलेल्या खटपटीचा झाला आणि पुढे आपण त्याला काना देऊन हट्टाच्या कामाला जुंपलं. ‘मुलाला इंजिनिअर करण्याचा अट्टाहास’ म्हटलं की आता कुणालाच हसू येत नाही, मुलाला तर नाहीच.

शब्दाची बदली झाली म्हणून हसणारे काही निवृत्त झाले नाहीत.

‘नाट्यशास्त्रा’त भरतमुनींनी हसण्याचे सहा प्रकार सांगून त्यांची प्रतवारी लावली. उत्तमांना स्मित आणि हसित, म्हणजे दात दिसले न दिसले एवढंच. मध्यमांना विहसित आणि उपहसित. डोळ्यांत पाणी आणणारं, कुशी दाबायला लावणारं अपहसित आणि अतिहसित अधमांच्या वाट्याला. मुनींनी आमची वॉर्डसभा पाहिली नव्हती. रस्ता कधी होणार, असं विचारणारा नागरिक इथे दात न दाखवता नम्र स्मित करतो. नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही. अतिहसित व्यासपीठावर असतं. आधी साहेब हसतात, मग त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूचे, मग मागचे, ज्यांना प्रश्न ऐकूच आलेला नसतो. दुसऱ्या दिवशी वृत्तान्तात कंसात ‘हशा’ छापून येतो. उत्तर कंसाच्या आतही नसतं आणि बाहेरही. भरताची प्रतवारी लावली, तर व्यासपीठावर कोण बसलंय ते आपोआप कळतं.

या हसण्याचा हिशेब सोपा आहे. उत्तर द्यायला माहिती लागते, हसायला फक्त माणसं लागतात. विचारणारा ओशाळून खाली बसला की विषय संपला.

म्हणून वाचकहो, खाली बसू नका. हशा ओसरेपर्यंत थांबा आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारा. अट्टहास त्यांनी करावा, अट्टाहास आपण.