आधी आवाज, मग काम

मराठी भाषणांत आणि जाहिरातींत ‘सुपरसॉनिक’ हा शब्द हल्ली गुलालासारखा उधळला जातो. विकास सुपरसॉनिक वेगाने, फायलींचा निपटारा सुपरसॉनिक, क्लासवाल्यांची परीक्षेआधीची उजळणीही सुपरसॉनिक. गोव्यात सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यात बस्तान बसवलेल्या एका संगीत महोत्सवाचे नावही तेच. तिथल्या स्पीकरच्या भिंतींनी छाती कितीही दणाणून सोडली तरी त्यांतून निघणारा आवाज ध्वनीच्याच वेगाने जातो, तसूभरही जास्त नाही. आवाज वाढवला म्हणून तो लवकर पोचत नाही, हे डीजेवाल्यांना पटत नाही आणि सरकारी प्रसिद्धी खात्यांनाही पटत नसावे. परिभाषाकोशवाल्यांनी या शब्दाला ‘स्वनातीत’ असा देखणा पर्याय दिला आहे. स्वन म्हणजे आवाज, त्याच्या पलीकडे गेलेला तो स्वनातीत. या व्याख्येच्या पोटात एक अट आहे आणि तिच्याकडे सगळे सोयीस्कर डोळेझाक करतात. आवाजापेक्षा वेगाने येणारी वस्तू आधी पोचते, तिचा आवाज मागाहून येतो. तेव्हा एखादी गोष्ट स्वनातीत आहे की नाही हे ठरवायला वेगमापक लागत नाही; आधी काय पोचले, काम की आवाज, एवढे पाहिले की भागते.

२० मे २०२० रोजी दुपारी बंगळुरूत प्रचंड आवाज झाला. लॉकडाऊनने चिडीचूप केलेले शहर हादरले, भूकंपाची आवई उठली. पुढे संरक्षण खात्याने खुलासा केला की हवाई दलाच्या विमानाचे ते नेहमीचे चाचणी-उड्डाण होते, आणि ३६ ते ४० हजार फुटांवर विमान स्वनातीत वेगातून खाली येताना हा आवाज झाला असावा. क्रम बघण्यासारखा आहे: आधी विमान, मग आवाज, आणि सगळ्यांत शेवटी प्रसिद्धिपत्रक. स्वनातीत कारभाराचा इतका शास्त्रशुद्ध नमुना शोधून सापडायचा नाही. अर्थात यासाठी जेट विमानच हवे असे नाही. मरीआईचा गाडा डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारा पोतराज हे काम पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. त्याचा आसूड मुठीशी जाड आणि टोकाकडे निमुळता होत जातो. हात फिरला की दोरात एक वळसा उठतो, तो पुढे सरकताना दोराचे वजन कमी होत जाते, वेग वाढत जातो, आणि शेवटच्या झुपक्याशी तो ध्वनीच्या वेगालाही मागे टाकतो. मग जो कडाड ऐकू येतो तो आघाततरंगाचा आवाज असतो, जातीने लढाऊ विमानाच्या गडगडाटाचा सख्खा भाऊ. महाराष्ट्रातला सर्वांत जुना सुपरसॉनिक प्रकल्प हाच, आणि त्याचे भूमिपूजन झाल्याची नोंद कुठेही नाही.

आता हा वेग किती, असे विचारले तर भाषणातल्या सुपरसॉनिकवाल्यांची पंचाईत होते, कारण उत्तर आकड्यात नाही, ठिकाणात आहे. २० अंश तापमानाच्या हवेत ध्वनी ताशी सुमारे १२३५ किलोमीटर जातो. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर तापले की तिथे तोच वेग १२८५ च्या घरात जातो, आणि अकरा किलोमीटर उंचीवरच्या उणे ५६ अंशांच्या थंडीत १०६० च्या आसपास उतरतो. म्हणजे ताशी ११५० किलोमीटरने जाणारे विमान आभाळात स्वनातीत ठरेल आणि नागपूरच्या धावपट्टीवर नापास होईल. अर्न्स्ट माख याने पीटर साल्खर याच्या साथीने १८८७ मध्ये बंदुकीच्या गोळीपुढच्या आघाततरंगाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्याच्या नावाने आपण ज्याला ‘मॅक’ म्हणतो ते निव्वळ गुणोत्तर आहे, वस्तूचा वेग भागिले तिथल्या ध्वनीचा वेग. छेद न सांगता अंश सांगणे ही अर्थसंकल्पी भाषणांची जुनी खोड, ती इथेही आली आहे. शिवाय या रेषेच्या अलीकडे राहण्यात कमीपणा मुळीच नाही. कुर्ट टांक यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थान एरोनॉटिक्सने केलेले ‘मरुत’ हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखले होते. १७ जून १९६१ रोजी ते उडाले, पण हवे ते इंजिन कधीच मिळाले नाही आणि ती उमेद कागदावर राहिली. तरी १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने आपले काम चोख बजावले.

उलट्या क्रमाचे उदाहरण हवे तर मुंबई-पुणे हायपरलूप आहेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने एका अमेरिकी कंपनीशी इरादापत्र केले, आणि पुण्याहून मुंबई पंचवीस मिनिटांत, ही बातमी घरोघर पोचली. जवळजवळ निर्वात नळीतून डबा सोडायचा, अशी ही कल्पना. जिथे आवाजाला चालायला धड हवासुद्धा नाही, त्या नळीचा आवाज मात्र सह्याद्री ओलांडून गेला. गंमत म्हणजे २०१३ मध्ये इलॉन मस्क यांनी मांडलेल्या मूळ आराखड्यातही कमाल वेग ध्वनीच्या किंचित खालीच धरला होता. सुपरसॉनिक हा शब्द आपल्याकडच्या उत्साहाने बहाल केला. नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात त्या कंपनीने पहिल्यांदा माणसे बसवून डबा पळवला: पाचशे मीटरचा मार्ग, कमाल वेग ताशी १७२ किलोमीटर. २०२३ संपता संपता कंपनीनेच गाशा गुंडाळला. दुसरीकडे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली, १५ ऑगस्ट २०२२ पर्यंत ती धावेल अशी उमेद जाहीर झाली, आणि ती तारीख निमूट निघून गेली. नावात बंदुकीची गोळी आहे, तीही खरोखर स्वनातीत असते. गाडीचा ठरलेला वेग मात्र ताशी ३२०, म्हणजे ध्वनीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त. याबद्दल तक्रार नाही, ३२० हा उत्तम वेग आहे. तक्रार आवाजाने घेतलेल्या आघाडीबद्दल आहे.

यावर भाषेचे जाणकार म्हणतील, शब्द बदलतात, सोडून द्या. दाखला त्यांच्याच बाजूचा आहे. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजीत सुपरसॉनिक म्हणजे कानाला न ऐकू येणारा उंच ध्वनी. जुन्या रेडिओंच्या ‘सुपरहेट’ या नावात तो अर्थ अजून दबा धरून बसला आहे. पुढे त्या ध्वनीला अल्ट्रासॉनिक हे नाव रूढ झाले आणि सुपरसॉनिक वेगाच्या वाट्याला आला. पण तो बदल दोन वेगळ्या गोष्टींना दोन नावे हवी होती म्हणून झाला; आपल्याकडचा बदल होत असलेल्या आणि न होत असलेल्या कामाला एकच नाव पुरावे म्हणून चालला आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोकशाहीत काम करण्यापूर्वी लोकांना सांगावे लागते, गुपचूप करून टाकले तर तुम्हीच ओरडाल. खरे आहे. वैमानिकही उड्डाणाआधी मार्गाचा तपशील नोंदवतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. निविदा, जनसुनावणी, पर्यावरण अहवाल हे त्याच जातीचे कागद. ते आधीच यायला हवेत आणि नेमके तेच सर्वांत हळू येतात. फलक, कोनशिला, ड्रोनचे चित्रीकरण आणि पानभर जाहिरात यांची गणती मात्र गडगडाटात करावी लागेल, आणि गडगडाटाने मागून यायचे असते.

आता सुपरसॉनिकही शिळा होऊन हायपरसॉनिकची चलती आहे. हा शब्द १९४६ मध्ये चिनी शास्त्रज्ञ छियेन श्वेसन यांनी वापरात आणला, आणि ढोबळमानाने ध्वनीच्या पाचपट वेगापुढे तो लागू होतो. डीआरडीओने ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आपले स्क्रॅमजेट इंजिन वीस-बावीस सेकंद चालवून दाखवले, तिथे तो रास्त होता. तोच शब्द उद्या नालेसफाईला लागला तर नवल नाही. मात्र सरसकट निराशेचे कारण नाही, कारण शासनाची एक सेवा या सगळ्या कसोट्यांवर आजही उतरते. ई-चलानात कॅमेऱ्याचा आवाज होत नाही, फलक दिसत नाही, घोषणा तर नाहीच. दंड लागतो तेव्हा वाहनचालक पुढच्या सिग्नलपर्यंत पोचलेला असतो. एसएमएस त्यामागून येतो, आणि लोकअदालतीत तडजोडीला हजर राहण्याची नोटीस त्याच्याही पुष्कळ मागून.