आक्षेप कायम

प्रत्येक सोसायटीत एक तरी निवृत्त ऑडिटर असतोच. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिल्हा परिषदांची दप्तरं तपासण्यात त्यांची हयात गेली. त्यांना खरं नावही आहे, पण ते लाइटबिलापुरतं. एरवी सगळे त्यांना ऑडिटसाहेबच म्हणतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. साहेबांचं तोंड आयुष्यात कधी पोळलेलं नाही, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पितात.

निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते खंगायला लागले होते. वाण्याच्या याद्या तपासून झाल्या, दूधवाल्याचा हिशेब तपासून झाला, शेवटी काकूंनी भिशीची वही लपवून ठेवली. तेवढ्यात टोरांटोच्या मुलाने त्यांना ईमेलचं खातं काढून दिलं आणि जगभरच्या भामट्यांनी त्यांना पुन्हा कामावर रुजू करून घेतलं.

संशयास्पद मेल आला की साहेब तो पाठकोऱ्या कागदावर छापतात आणि लाल बॉलपेन काढतात. मजकूर सर्वांत शेवटी वाचायचा, हा नियम. "मजकूर म्हणजे ठेकेदाराचं म्हणणं. ते गोडच असणार." आधी पाठवणाऱ्याचा पत्ता. वर ठळक अक्षरांत बँकेचं नाव असलं तरी त्याला काडीची किंमत नाही, ते कुणालाही लावता येतं. नावावर टिचकी मारून खरा पत्ता उघडायचा आणि भिंग घेऊन बसायचं. इंग्रजी आर आणि एन ही अक्षरं दाटीवाटीने बसली की लांबून एम दिसतात, ओच्या जागी शून्य येऊन बसतं, हे त्यांनी भिंगातूनच पकडलं. मग लिंक. तिच्यावर माउस नुसता न्यायचा, दाबायचा नाही. ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो.

आणि हा पत्ता ते मागून वाचतात. "सुरुवातीला इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन दिसलं म्हणून हुरळू नका. पहिली एकटी तिरकी रेघ शोधा. तिच्या लगेच डावीकडचे दोन-तीन तुकडे, तो घरमालक. त्याच्याही डावीकडचे सगळे पोटभाडेकरू. दारावर वाटेल ती पाटी लावतील." वॉचमनलासुद्धा हे पाठ झालं आहे. कुलपाच्या चित्रावर तर साहेबांचा विशेष राग. ते चित्र एवढंच सांगतं की तुमचं बोलणं वाटेत तिसऱ्या कुणाला वाचता येत नाही. "म्हणजे चोराशी अगदी खासगीत बोललात. अभिनंदन!"

2023 साली आयकर परताव्याचे मेसेज फिरत होते. 15,490 रुपये मंजूर झाले आहेत, खाते क्रमांक पडताळा, वगैरे. पीआयबीच्या फॅक्ट चेकने ते खोटं असल्याचं जाहीर केलं, पण आमच्या बिल्डिंगमध्ये त्याआधीच निकाल लागला होता. पहिल्या मजल्यावरचे मास्तर आणि चौथ्या मजल्यावरचे दंतवैद्य एकाच संध्याकाळी मोबाइल घेऊन साहेबांकडे आले. साहेबांनी दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. "पगार वेगळा, कर वेगळा, वजावट वेगळी. परतावा मात्र रुपयासकट सारखा? आणि परतावा आधी पडताळलेल्या खात्यातच जमा होतो. खातं त्यांना माहीत असताना तुम्हाला कशाला विचारतील?" मास्तरांनी तरीही, समजा खरा असला तर, असं पुटपुटून पाहिलं. त्यांच्याकडे साहेबांनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला कित्येक ग्रामसेवक घाबरत असणार.

पूर्वीचे भामटे साहेबांना मनापासून आवडायचे. 'डिअर कस्टमर'मध्ये यू आणि ओची अदलाबदल करणारे, लॉटरीची रक्कम आकड्यांत एक आणि अक्षरांत भलतीच लिहिणारे. लाल पेनाला काम असायचं. हल्ली ए.आय.कडून लिहून घेतात, चूक म्हणून सापडत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांना थेट मराठीतून मेल आला: बिल थकल्यामुळे आपला वीजपुरवठा आज रात्री साडेनऊ वाजता खंडित करण्यात येईल, कृपया पुढील दुव्यावर भरणा करावा. साहेब तो कागद घेऊन खाली बाकावर आले. चेहऱ्यावर कौतुक आणि दुःख दोन्ही होतं.

"'खंडित'ची पहिली वेलांटी बघा. अनुस्वार बघा. सरकारी छापाचं इतकं शुद्ध पत्र कधी पाहिलंय? विषय नाही, संदर्भ नाही, जावक क्रमांक नाही, आणि वर 'कृपया'!" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि रात्री साडेनऊला कुठला लाइनमन शिडी घेऊन येतो हो? दिवसा बोलावला तर येत नाही."

घाई हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा पुरावा. 31 मार्चला संध्याकाळी धावतपळत आलेलं बिल त्यांनी उभ्या नोकरीत कधी तसंच्या तसं पास केलं नाही. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या विद्येत हीच खरी कामाची. भिंग नसलं तरी चालते.

या विद्येचा जाच मात्र घरच्यांना होतो. भाच्याने लग्नपत्रिका पीडीएफ करून पाठवली. पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल धाडून मोबाइल ताब्यात घेतात, हे साहेबांनी वाचलं होतं. पीडीएफ वेगळी, एपीके वेगळी हे त्यांना कळत होतं, पण तत्त्व म्हणून त्यांनी जुन्या डायरीतला नंबर काढून बहिणीला फोन लावला, "तुझ्या मुलाचं लग्न ठरलंय का?" साखरपुड्यात पहिल्या रांगेत हेच बसले होते. बहीण अजून बोलत नाही.

रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं, तेव्हा बँकेचा खराखुरा मेल नव्या पत्त्यावरून आला. साहेब आक्षेप घेऊन शाखेत हजर. मॅनेजरने आदेश दाखवला. ही नावं फक्त बँकांनाच मिळतात हे कळल्यावर साहेब अर्धा तास कौतुक करत बसले आणि मागे पासबुकवाल्यांची रांग जिन्यापर्यंत गेली.

एकदाच मी त्यांना आक्षेप न घेताना पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी केवायसीच्या मेलमधली लिंक उघडली, ओटीपी दिला आणि पैसे गेले. आजोबा रडकुंडीला आलेले, सून बोलायच्या पवित्र्यात. साहेबांनी तिला हातानेच थांबवलं. "चौकशी नंतर. आधी 1930." फोन लागेपर्यंत त्यांनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम कागदावर उतरवून घेतली होती, मग बँकेला कळवलं, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवली, मेल डिलीट करू दिला नाही. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक त्यांच्याकडे लॅमिनेट केलेलं आहे. आपणच गुपित देऊन बसलो तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तो कागद आजोबांपुढे धरून ते म्हणाले, "मिनिटाला भाव आहे." आजोबांचे थोडे पैसे वाटेतच गोठवले गेले. साहेबांनी 'अंशतः वसुली' असा शेरा मारला आणि आजोबांना चहा पाजला.

यंदा वार्षिक सभेच्या आधी सेक्रेटरीने सगळ्यांना हिशेब झिप फाइलमध्ये पाठवला. सभेत साहेब उठले: अनोळखी झिप उघडत नसल्यामुळे हिशेब मिळालाच नाही असं समजण्यात यावं. सभा तहकूब. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी छापील हिशेब, सही, शिक्का घेऊन त्यांच्या दारात उभा. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला.

"हे तुम्हीच पाठवलंय कशावरून?"

"काका, मी समोर उभा आहे!"

"तुमच्याबद्दल हरकत नाही. सहीखाली तारीख कुठे आहे?"