पावणेदोन तासांचं कनेक्शन

आमच्या अर्जुनी मोरगावात 'कनेक्शन' म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते : शेतातल्या मोटारपंपाची वीज. त्यासाठी डिमांड भरायची, पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवायची आणि वाट बघायची. त्यामुळे चौकातल्या टपरीवर मी सहज सांगितलं, की जर्मनीला जाताना दोह्यात आमचं पावणेदोन तासांचं कनेक्शन आहे, तेव्हा शेजारी बसलेल्या शेतकऱ्यानं हातातली बशी खाली ठेवली.

"पावणेदोन तासात भेटते? माया तं डिमांड भरून तिसरं वर्स चालू हाये ना गुरुजी!"

मग मी समजावलं, की हे विमान बदलायचं कनेक्शन. नागपूरहून दोह्याला एक विमान, तिथे उतरून फ्रँकफुर्टला दुसरं. मुलगा तिकडे नोकरीला. धान कापून, चुरून, विकून झाल्यावर डिसेंबरात या, असं त्यानंच ठरवलं होतं. शेतकऱ्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे गोंदियाले उतरून मोठी गाडी पकडाची, तसंच."

तसंच! मलाही अगदी तसंच वाटलं होतं. गाडी बदलणं आम्हाला कोणी शिकवायला नको. अर्जुनीहून सरळ कुठेच जाता येत नाही, त्यामुळे बदलण्यातच आमचा जन्म गेला. गोंदियाला उतरलं की मुंबई-हावडा लाइन, नागभीडला उतरलं की नागपूरची लाइन. आता गोंदिया–चांदाफोर्ट मार्ग मोठा झाला आहे, पण माझ्या लहानपणी ती अडीच फुटी छोटी गाडी होती. एकदा आम्ही मामाच्या लग्नाला निघालो. बैलबंडीचं चाक चिखलात अडकलं, आणि गाडी स्टेशनात येऊन उभी राहिलेली आम्हाला धुऱ्यावरून दिसत होती. वडील छत्री हलवत धावले. गार्डनं ते पाहिलं, हिरवा झेंडा काखेत मारला आणि बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत आमची आजी, दोन गाठोडी आणि एक कोंबडा असे सगळे डब्यात होते.

प्रवासाबद्दल माझ्या मनात ठाण मांडून बसलेली समजूत ही अशी. आपण धावलो, की समोरचा थांबतो.

मुलानं फोनवर तासभर शिकवणी घेतली. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत. पहिलंच उशिरा पोचलं, तर कंपनी पुढच्या विमानात बसवून देईल. पण पहिलं वेळेवर पोचलं आणि तुम्हीच कुठे रेंगाळलात, तर ती चूक तुमची. सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी गेट बंद होतं, मग विमान काचेतून दिसत असलं तरी आत घेत नाहीत. सामान नागपूरला दिलं की थेट फ्रँकफुर्टला घ्यायचं.

या शेवटच्या मुद्द्यावर हिचा विश्वास बसेना. एसटीच्या टपावर टाकलेल्या पोत्याकडेसुद्धा प्रत्येक थांब्यावर उतरून बघणारी बाई ती. "दोह्यात आपण बदलणार, बॅग कशी बदलते? तिला काय पाय आहेत?"

तसा आमच्या जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ आहे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. तिथे वैमानिक व्हायला आलेली पोरं छोटी विमानं घेऊन घिरट्या घालतात. गोल फिरून पुन्हा बिरसीलाच उतरतात, हा एक त्यांचा गुण. आम्हाला मात्र पुढे जायचं होतं. संध्याकाळी जेवून निघालो, साकोली, भंडारा करत रात्री नागपूर गाठलं. खिडकीवरच्या मुलीनं दोघांचे मिळून चार बोर्डिंग पास दिले, आमच्या बॅगा पट्ट्यावरून रबरी पडद्याआड गेल्या. हिनं तिथूनच हात जोडले.

पावणेचारला विमान उडालं. कानात दडे बसू नयेत म्हणून मी घरूनच कापूस आणला होता. रोमिंगचं बिल येईल या भीतीनं फोन बंद करून पिशवीच्या तळाशी, जवसाच्या चटणीखाली ठेवला होता. या दोन खबरदाऱ्यांनी पुढचा घोटाळा केला.

विमान दोह्याला टेकलं. मी मनगटावरच्या एचएमटीत पाहिलं. आठ. मग बोर्डिंग पास पाहिला. फ्रँकफुर्टचं विमान सुटायची वेळ : सात पंधरा.

पोटात धस्स झालं. पाऊण तासापूर्वी गेलं! मी हिला काही बोललो नाही, फक्त तिचा हात धरला आणि धावायला लागलो. साठी ओलांडलेला माणूस, खांद्यावर शबनम, एका कानात कापूस, दुसऱ्यातला कुठेतरी पडलेला. ही मागून ओरडतेय, "अवो, काहून पळून राहिले? काय झालं?" सरकत्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसांना मी मराठीत "सरका, सरका" म्हणत होतो, आणि विशेष म्हणजे ती सरकत होती.

पुन्हा एकदा तपासणीची रांग. हिच्या पर्समध्ये विमानात मिळालेली पाण्याची बाटली. तपासणाऱ्यानं खूण केली, टाका. आता आमचा मुलूख तलावांचा. कोलू पाटील कोहळीनं नवेगावबांधला डोंगरांच्या मधोमध पाणी अडवलं, त्याला तीनशे वर्षं होत आली, आणि अजून आम्ही त्याचं नाव घेतो. तिथली बाई भरली बाटली कचऱ्यात टाकेल? ती तिथेच उभी राहून घोट घोट पाणी प्यायली. अख्खी रांग थांबली. मी घड्याळाकडे बघत घामाघूम.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, तुम्ही?"

मागे एक गोरटेला, बारीक डोळ्यांचा तरुण. मी त्याला इंग्रजीत सांगायला लागलो, की आमचं विमान गेलं. तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "सर, मी गोठणगावचा. कॅम्पातला. तुम्ही मला भूगोल शिकवला."

आमच्या तालुक्यात इटियाडोह धरणाजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वस्ती आहे, नोर्गेलिंग नावाची. आम्ही सगळे तिला कॅम्पच म्हणतो. हिवाळ्यात ही मंडळी स्वेटरं विकायला गावोगाव जातात, धान पेरतात, मंडईत दंडार बघतात. हा झुरिकला निघाला होता, मावशीकडे. हातात पासपोर्टाच्या जागी निर्वासितांना मिळतं ते पिवळं पुस्तक.

"सर, तुमचं विमान कितीचं?"

"सव्वासातचं! आणि आता आठ वाजून वीस मिनिटं झाली!"

तो माझ्या घड्याळाकडे बघत राहिला. हसू दाबायचा प्रयत्न करणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा मला एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर लांबूनही ओळखता येतो.

"सर, एका रेखांशाला किती मिनिटं?"

"चार," मी सवयीनं म्हणालो.

"भारताची वेळ कोणत्या रेखांशावरून?"

"साडेब्याऐंशी अंश पूर्व. मिर्झापूरजवळून..." माझा आवाज बसत चालला होता.

"कतारची पंचेचाळीसवरून. साडेसदतीस अंशांचा फरक, गुणिले चार."

दीडशे मिनिटं. अडीच तास. दोह्यात सहाला दहा मिनिटं कमी होती. एकतीस वर्षं मी फळ्यावर हे गणित घातलं, चुकणाऱ्यांना बाकावर उभं केलं. इथे बाक नव्हता म्हणून वाचलो. हिनं बाटली संपवली, झाकण लावलं आणि विचारलं, "मग आपण पळालो कशाले?"

पोरगा आपल्या गेटकडे वळला. त्याच्या पिवळ्या पुस्तकाकडे बघून मी काळजीनं म्हटलं, "तू सांभाळून जा रे, तुझं चुकायला नको." तो म्हणाला, "सर, आमचं कनेक्शन 1959 पासूनच चुकलेलं आहे." आणि हसत गेला. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. भूगोलाच्या पुस्तकात ते नव्हतं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सव्वा तास हाताशी आहे म्हटल्यावर माणूस बिघडतो. दोह्याच्या विमानतळात मधोमध एक पिवळं अस्वल बसवलं आहे, तेवीस फूट उंच, दिसतं कापडाचं पण आहे कांस्याचं, आणि त्याच्या डोक्यातून दिवा निघालेला. उर्स फिशर नावाच्या स्विस कलावंताचं काम. मी म्हटलं, फोटो काढू. ही दहा पावलांवर थांबली, ती पुढे येईना. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांवर अस्वल कसं धावून येतं, हे नवेगावच्या जंगलाकाठी वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. "अस्वल दिसलं की मागं सरकाचं असते. आन् तुमी फोटो काढता?" तिला अस्वलाशेजारी आणण्यात पंधरा मिनिटं गेली. मग फोन चालू केला, मग चहा. एका कपाच्या पैशात किती किलो धान विकावं लागेल, याचा हिशोब करण्यात आणखी दहा.

आणि मग कळलं की आमचं गेट दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिथे जायला विमानतळाच्या आत, छताखाली, चक्क रेल्वे आहे! जन्मभर रेल्वे बदलून दमलो, विमानानं आलो, तर विमान बदलायला पुन्हा रेल्वे. ही मात्र खूश झाली. ओळखीचं काहीतरी भेटलं. फक्त या गाडीला गार्ड नव्हता. दारं आपोआप लागली, आणि आमच्या मागून धावत आलेलं एक कुटुंब काचेपलीकडे राहिलं. मी सवयीनं गार्डाच्या डब्याकडे बघून हात केला. तिथे नुसती काच होती.

गेटवर पोचलो तेव्हा शेवटचे दोघे आम्हीच. बाईंनी पास घेतले, मशीनवर टेकवले, आमच्या पाठीमागे पट्टा ओढला. या खेपेला खरोखर धावायला हवं होतं, तर आम्ही रमत आलो होतो.

फ्रँकफुर्टला बॅगा आमच्या आधी पट्ट्यावर येऊन फिरत होत्या. ही त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. पाय नव्हते.

नागपूरहून दोह्यामार्गे जाणार असाल, तर विमान टेकताच घड्याळ अडीच तास मागे करा. अस्वल येताना बघा. येताना आम्हाला तिथे आठ तास मिळाले होते.