हातानं जेवणाऱ्यांचे चमचे

विष्णुपुरीत विद्यापीठाच्या शेजारी राहून मी चमचे बनवतो असं सांगितलं की समोरच्याला जो विनोद सुचतो, तो आता सगळ्यांचा करून झालाय. तुम्हीही मनातल्या मनात करून घ्या, मी थांबतो.

झालं? तर हे चमचे लाकडाचे. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, मांडीवर गोणपाट टाकायचं आणि ओल्या लाकडाचा तुकडा सुरीनं तासत राहायचं. धरणाकडं फिरायला निघालेली मंडळी फाटकाशी थबकतात.

"काय करायलाव सर?"

"चमचा."

"बाजारात धा रुपयाला भेटतंय की."

"भेटतंय."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडं उत्तर नाही. त्यातून खरी गोष्ट त्यांना ठाऊकच नाही, ती अशी की आमच्या घरात चमच्यानं कुणी जेवत नाही. वरणभात हातानं, भाकरी हातानं, कालवण पातळ असेल तर भाकरी कुस्करून. पाहुण्यापुढं पोहे ठेवताना तेवढे चमचे निघतात, तेही स्टीलचे.

लाकडी चमचा आपल्याकडं नव्हता असंही नाही म्हणा. यज्ञातला स्रुवा खैराचा, जुहू पळसाची, उपभृत पिंपळाची, असा झाडासकट नियम आहे. म्हणजे आपण पाची बोटांनी जेवायचं आणि अग्नीला मात्र लाकडी पळीनं वाढायचं. त्यात देवाच्या मानापेक्षा वाढणाऱ्याच्या बोटांची काळजी जास्त असावी, असा माझा आपला अंदाज. घरोघर काथवट होती, चाटू होता, ताकाची रवी होती. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, लाकडाला त्याचं काही नसतं. मग स्टील आलं आणि ही सगळी मंडळी माळ्यावर गेली. काथवटीत कांदे राहायला आले. पुढं नॉनस्टिक तवा आला. त्याच्याबरोबरच्या कागदावर छापलेलं होतं, लाकडी उलथनं वापरा. आजीचं कुणी ऐकलं नव्हतं, तव्याचं ऐकलं.

लाकूड मिळवण्याच्या बाबतीत हा छंद माणसाला जरा निर्लज्ज करतो. पावसाळ्याच्या तोंडावर तारांखालच्या फांद्या छाटतात, वळवाच्या वाऱ्यात लिंबाचा एखादा फाटा मोडून पडतो. सरपण न्यायला आलेल्या बायांच्या आधी तिथं पोचणं बरं दिसत नाही, म्हणून मी नंतर जातो आणि त्यांनी नको म्हणून टाकलेलं वाकडंतिकडं उचलतो. मोळीला सरळ लाकूड लागतं, चमच्याला वाकडं. फांदी जिथं आपसूक वाकते तिथं लाकडाची नसही वाकलेली असते. चमच्याची मान त्या जागी धरली तर मोडत नाही. सरळ लाकडात तोच वाक कोरून काढला की नस मानेत तुटते, आणि पुढं कधीतरी चमचाही. बाभूळ ओली आहे तोवर गुणाची, वाळली की सुरीशी भांडते. चिंच चिवट, खाटकाचा ठोकळा उगाच चिंचेचा नसतो. लिंबाचा चमचा सुरुवातीला थोडा वास मारतो, मग निवळतो. आणि रस्त्याच्या दुभाजकात फुललेली कण्हेर कितीही देखणी असो, तिच्या वाटेला जायचं नाही. ती विषारी.

ओल्या लाकडाची ही विद्या मी घेतली ती स्वीडनच्या विले सुंदक्विस्त यांच्याकडून. त्यांचं पुस्तक १९९० साली इंग्रजीत आलं. लाकूड सावकाश वाळू द्या, हा तिकडचा पहिला धडा. स्वीडनमध्ये ठीक आहे. नांदेडचा मे महिना कुणालाच सावकाश वाळू देत नाही, मग ते लाकूड असो की माणूस. वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि लाकूड टचकन तडकतं. गाभा आत राहिला तर हमखास, कारण लाकूड वर्तुळांच्या कडेकडेनं जितकं आकसतं त्याच्या निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. म्हणून फांदी आधी उभी फोडायची, गाभा काढून टाकायचा, आणि अर्धवट झालेला चमचा रात्री त्याच्याच ओल्या ढलप्यांसकट पिशवीत बांधून ठेवायचा.

खोलगट भाग कोरायला वाकडी सुरी लागते. ती लातूर रोडला पाल टाकलेल्या घिसाड्याकडून जुन्या कानशीची करून घेतली. बाईनं घण घातला, त्यानं सांडशी फिरवली. यानं कापायचं काय, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसतं बायकोकडं पाहिलं.

आमच्या गावाकडं एक म्हातारे सुतार आहेत. तिफणीचं चाडं करण्यात त्यांची हयात गेली. ते काम चमच्यापेक्षा कितीतरी अवघड. आतली खोली आणि बुडाची भोकं अशी साधायची की मुठीतलं बी प्रत्येक नळ्यात सारखं उतरलं पाहिजे. तेही पेरणीच्या घाईत, शेतकरी दारात उभा असताना. बलुतं मिळायचं ते मागाहून, खळ्यावर. उरलेल्या लाकडाचा चाटू ते सहज तासून द्यायचे, तो कुणी हिशेबातही धरला नाही. त्यांना मी माझा चमचा दाखवला. त्यांनी अंगठा आतून फिरवला, बाहेरून फिरवला, उन्हाकडं धरून पाहिला.

"बरा हाय. कुणाचा हाय?"

"माझाच."

"तसं न्हाई. कुणासाठी केला?"

घरी आल्यावर मी बायकोला वेल्समधल्या पोरांची गोष्ट सांगितली. आवडत्या पोरीसाठी ती चमचा कोरायची. तिथल्या सेंट फॅगन्स संग्रहालयातल्या एका चमच्यावर १६६७ साल आहे. "मग लग्नाआधी कुठं होतात?" ती म्हणाली, आणि त्याच दमात कामाचं सांगून टाकलं. पुरण हाटायला चाटू पाहिजे. दांडा हातभर, नाहीतर पुरणाचे शिंतोडे मनगटावर येतात. तोंड गोल नको, एका बाजूनं सपाट, म्हणजे पातेल्याच्या बुडाशी घासून फिरेल. आणि पोळ्याच्या आत.

माप आलं, तारीख आली, आणि छंदातली मजा कुठं गेली कळलंच नाही. चाटू बाभळीचा झाला, बराही झाला. अडलं ते वरून लावायच्या तेलावर. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवसाच्या तेलात ते लवकर वाळावं म्हणून धातूची रसायनं घातलेली असतात, ते खाण्याच्या भांड्याला चालत नाही. घाण्यावरचं कच्चं तेल चालतं, पण हवा लागून ते घट्ट व्हायला फार दिवस घेतं. त्यात श्रावणातली दमट हवा. बायको रोज येता-जाता चाटूवर बोट टेकवायची. "चिकटतंय अजून."

अखेर मी म्हणालो, आठवडाभर थांबलीस तर पक्का होईल.

"बैलांना तसं कळवू का," ती म्हणाली, "पोळा पुढं ढकललाय म्हणून?"