हंपला आरसी नसते

बंगळुरूतली गाडीवेडी पोरं पोलिसांसमोर चर्चेला बसली, की पहिली पंधरा मिनिटं कायद्याबद्दल आदर व्यक्त करण्यात जातात. चहा येतो, बिस्किटं येतात, "आपण सगळे एकच" असं कुणीतरी म्हणतं. मग मागच्या रांगेतून एक काळा टी-शर्ट उठतो आणि घसा खाकरून विचारतो, "सर, लोअरिंग स्प्रिंग चालतील का?"

चहा तिथेच थंड होतो.

फटाका सायलेन्सर टाकून रात्री दीडला अख्खी गल्ली जागी करणाऱ्यांची बाजू कुणीच घेऊ नये. ज्या वस्तूचं नावच सायलेन्सर, तिच्यातला सायलेन्स काढून टाकायला हे लोक पदरचे पैसे मोजतात. बरं, धावायचं कुठे? 2022 साली एका जागतिक मोजणीत या शहराच्या मध्यभागात 10 किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं 10 सेकंद लागत होती, म्हणजे ताशी जेमतेम 20. या वेगात सायकलवाला शेजारून पुढे जातो आणि इंजिन 'स्टेज वन रीमॅप' करून जास्त ताकदवान केलेली गाडी त्याच्यामागे गुरगुरत राहते. असो. काळ्या फिल्म सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालाने गेल्या, बुलबार 2017 च्या डिसेंबरात गेले, सुरेल हॉर्नला तर नियमात कधीच जागा नव्हती. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो स्प्रिंगचा.

साहेबांचं उत्तर ठरलेलं: मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52. आरसीत लिहिलेला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानेही हेच ठासून सांगितलं. मराठीत सांगायचं तर कंपनी फिटिंग. सीएनजी किट घाला, पण मंजूर असलेलं घाला आणि आरसीवर चढवून घ्या. रंग बदला, पण आधी विचारून. चुकलात तर कलम 182-अ: प्रत्येक बदलाला 5,000 रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द साहेब जरा सावकाश म्हणतात.

काळा टी-शर्ट मात्र अभ्यास करून आलेला असतो. आरसीत व्हीलबेस असतो, रिकाम्या गाडीचं वजन असतं, रंग असतो. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, हे आरसीत कुठेच नसतं. त्याला ते फक्त 4 सेंटीमीटर खाली हवं आहे. साध्या हॅचबॅकचं पोट जमिनीपासून साधारण साडेसोळा सेंटीमीटर वर असतं. चार वजा केले की उरले साडेबारा. भारतीय मानकाप्रमाणे गोलाकार हंपची उंची 10 सेंटीमीटर आणि रुंदी 3.7 मीटर. ढोबळ हिशेबाने अडीच सेंटीमीटरला मरण नाही. कागदावर पोरगा पास!

पण कागदावरचा तो हंप बंगळुरूत कुणी पाहिला आहे? इथला हंप रात्रीत उगवतो. कुठे अपघात झाला की उगवतो, कुणा वजनदार माणसाने घर बदललं की उगवतो, आणि कधी नुसतं डांबर उरलं म्हणूनही उगवतो. वर पांढरे पट्टे नाहीत, आधी पाटी नाही. पुढच्या रिक्षाचे मागचे प्रवासी अचानक छताला भेटतात, तीच सूचना. उंचीचं म्हणाल तर डांबराच्या ढिगावर दोन फेऱ्या मारून रोलर जितका दमला, तितकी उंची. एकाने समाधान होत नाही म्हणून लागोपाठ पाच छोटे, कवळी सैल करणारे. हंप संपला की गुंडी. कन्नडमध्ये खड्ड्याला गुंडी म्हणतात. नवा आलेला मराठी माणूस 'रस्त्यावर गुंडी आहे' ऐकून शर्टाकडे बघतो, आणि तेवढ्यात चाक जातं. त्यातून पुढे व्हाइट टॉपिंग. डांबरावर काँक्रीटचा थर चढवला की रस्ता वर येतो, कडेची दुकानं एक पायरी खाली जातात आणि ड्रेनेजची झाकणं कधी तळाशी, कधी टेंगळासारखी वर. याला गाडीवेड्यांच्या भाषेत लिफ्ट किट म्हणतात. ते गाडीला बसवलं तर गुन्हा. रस्त्याला बसवलं तर उद्घाटन.

म्हणून इथला शहाणा मध्यमवर्गीय गाडी खाली घेत नाही, वर उचलतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर ठोकून घेतो. पोट घासू नये एवढीच त्याची हौस. स्वतःला तो मॉडिफिकेशनवाला मानत नाही, आणि सोसायटीच्या बैठकीत 'ती गाड्यांची पोरं' म्हणून तोच नाक मुरडतो.

आता हसणं पुरे. गाडी बदलणाऱ्याला प्रत्येक बदलामागे 5,000 आणि वर तुरुंगाची भीती. मग रस्ता बदलणाऱ्याला काय? त्याच कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकाप्रमाणे केली नाही, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड. कधी? त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तरच. नुसता पाठीचा मणका सरकला, ऑइल सम्प फुटला, स्कूटरवरची बाई मूल कडेवर घेऊन पडली आणि देवाच्या कृपेने दोघं वाचली, तर हे कलम हाताची घडी घालून बसतं. गाडीच्या मालकाला मात्र कुणी मरेपर्यंत थांबावं लागत नाही. चौकात उभा असलेला शिपाई नुसत्या आवाजावरून त्याला ओळखतो. या शहरात सगळ्यात जास्त मॉडिफाय झालेली वस्तू दर चौकात, दिवसाढवळ्या, विनापरवाना आडवी पडलेली आहे. तिला नंबरप्लेट नाही, म्हणून चलन कुणाच्या नावाने फाडायचं ते कुणाला कळत नाही.

पुढच्या बैठकीला जाणाऱ्यांनी आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर शाळेतली एक फूटपट्टीही खिशात ठेवावी. सभागृहाबाहेर पडल्यावर जो पहिला हंप लागेल, त्याला ती उभी लावावी, फोटो काढावा आणि साहेबांना नम्रपणे विचारावं: सर, हे कंपनी फिटिंग आहे का?