बोगनवेलीचं श्रेय

कार्तिक सरत आला की प्रस्तुत लेखकाच्या कोलकात्यातल्या गच्चीवर बोगनवेलीला रंग चढतो, आणि लेखकाला तिच्याहून जास्त. फोटो काढले जातात, पुणे-नाशिकच्या तमाम आप्तांना धाडले जातात, खाली ‘यंदा जरा मेहनत घेतली’ अशी विनयशील ओळ असते. मेहनत म्हणजे काय, तर दिवाळीत लेखक सहकुटुंब पुण्याला होता आणि झारी इकडे कोरडी पडली होती.

बोगनवेलीला नेमकं हेच हवं असतं. मूळची दक्षिण अमेरिकेची ही बाई. लख्ख ऊन, जेमतेम मावेल एवढी कुंडी, मुळांना अडचण आणि पाण्याची मारामार, एवढा सासुरवास झाला की फुलते. रोज पाणी आणि वर युरिया घालून लाड केलेत, तर पानांचं रान माजतं आणि रंगाच्या नावाने शंख. बंगालच्या पावसाळ्यात ती बहुतेक काटे आणि पानंच वाढवते. पाऊस परतला, दिवस आखडले, माती सुकली की कळ्या धरतात. श्रेय घ्यायचंच तर ते पावसाने आणि सूर्याने घ्यावं. पण त्यांचे नातेवाईक पुण्यात नाहीत.

‘दादा, अतो जोल देबेन ना!’ (एवढं पाणी घालू नका!) असं शेजारच्या मासीमा कठड्यापलीकडून वर्षभर ओरडत असतात. फोटोखालच्या ओळीत त्यांचा उल्लेख नसतो.

खरं तर श्रेय लाटण्याची सवय खुद्द वेलीलाच आहे. एक घोस जवळून बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती तीन कागदी, रंगीत पानं असतात. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते आणि तिच्या तोंडाशी दाण्याएवढी पांढुरकी चांदणी. फूल ते! त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

कोलकात्यात फुलझाडांचा विषय निघाला की अलिपूरची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी आलीच. ती 1820 साली विल्यम केरींनी काढली. आणि केरींचं नाव निघालं की लेखकाला आवरत नाही, मग समोर पाहुण्यांचा चहा गार होवो. बंगालातल्या श्रीरामपूरचे हे मिशनरी फोर्ट विल्यम कॉलेजात पोरसवदा साहेबांना मराठी शिकवायचे. 1805 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1810 साली कोश, आणि तोही चक्क मोडीत! पुण्यात पेशवाई नांदत होती तेव्हा मराठीचे खिळे हुगळीच्या काठी जुळवले जात होते. इथपर्यंत लेखकाची छाती अशी फुगते, की व्याकरण जणू यानेच तपासून दिलं. तपासणारे होते ते कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ. मुखपृष्ठावर नाव केरींचं.

इथे मात्र लेखकाची थट्टा जरा अडखळते. याच सोसायटीच्या बागेत 1949 साली ‘मिसेस बट’ नावाच्या किरमिजी बोगनवेलीवर एक फांदी वेगळीच निघाली. एकाच झाडावर पांढरा आणि गुलाबी, कधी तर एकाच घोसात दोन्ही. जात जगभर गेली, नाव पडलं ‘मेरी पामर’. बट काय, पामर काय, दोघी मडमा. उन्हात पाठ भाजून घेत फांदी न् फांदी ओळखणाऱ्या माळ्यांच्या नावाने असं बारसं क्वचितच झालं. याचा राग येतो, आणि तो यावाच.

ज्यांना वेल लावायची असेल त्यांनी बहर ओसरल्यावर छाटणी करावी, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी घालू नये. आणि रोप घ्यायला जाल तिथे जातीचं नाव विचारून झालं, की माळीदादांचंही विचारा. फोटोखाली तेही लिहा.